पाणबंदूक क्रमांक एकतीस

१४ जानेवारी

कार्यालयाच्या नोंदवहीत दोनच रकाने आहेत, 'योग्य' आणि 'अयोग्य'. मला नेहमी तिसरा लागतो. म्हणून ही वही.

आज तपासणीचा शिक्का माझ्या हाती आला. आमचे साहेब, ज्यांना सगळं कार्यालय मोठा भाऊ या अर्थाने शाबदान बायके म्हणतं, त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "घे, झारकीन वकीलबाई. आता सरोवरातला एकही मासा तुला विचारल्याशिवाय मरणार नाही."

घरी फोन केला. "म्हणजे तुझी सही चालते?" आईने तीनदा विचारलं. बाबा जन्मभर मेंढ्यांमागे, भाऊही तसेच. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या घरातल्या कुणाच्या सहीने आजवर काही सुरू झालेलं नाही की थांबलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पोहणाऱ्या एका पाहुण्याच्या पोटरीतून बाण आरपार गेला, तेव्हापासून पाणबुड्यांच्या बंदुकांची तपासणी सक्तीची झाली. नियम मला पाठ आहेत. बंदूक पाण्याबाहेर भरायची नाही. पाठीवर हवेची टाकी लावून शिकार करायची नाही. एक मार्चपासून मे संपेपर्यंत बंदी. मालक वारला तर दहा दिवसांत बंदूक जमा करायची. आणि तपासणी अशी: पाण्यात बंदूक भरायची, चाप अडवणारा खटका लावायचा, चाप तीनदा ओढायचा, मग दहा मोजेपर्यंत थांबायचं. बाण सुटला नाही तर योग्य.

तपासणीचं पिंप अंगणात आहे. सकाळी त्यात चार बोटं बर्फ होता. शाबदान बायकेंनी तो फोडला आणि आत सामोवारमधलं उकळतं पाणी ओतलं, दोन बादल्या. मी विचारलं, हे चालतं का? त्यांनी मलाच विचारलं, "नियमात काय लिहिलंय?"

"पाण्यात, एवढंच."

"मग? हे काय आहे, ताक? बोटं गळून पडली तर सही कशाने करशील?"

मी नियमपुस्तक पुन्हा वाचलं. पाणी किती थंड असावं याबद्दल एक अक्षर नाही. पिंपातून वाफ येत होती. चौदा बंदुका तपासल्या. चौदाही योग्य.

१७ जानेवारी

आज कुतमान आला. दाराला डोकं आपटेल एवढा उंच. आमचं सगळं साज-बुलुङ गाव त्याला ओळखतं. सरोवराच्या तळाशी जुनी गावं बुडालेली आहेत, त्यांच्या भिंती मोजायला शास्त्रज्ञ येतात तेव्हा त्यालाच बोलावतात.

त्याची बंदूक जुनी, हवेच्या दाबावर चालणारी, बापाच्या वेळची. मी क्रमांक एकतीस लिहिला. पिंपात भरली, खटका लावला, तीनदा चाप ओढला. मोजू लागले. दहाला थांबले तसा तो म्हणाला, "पुढचे आकडे येत नाहीत का तुला?"

"नियमात दहा आहे."

"मग ठीक. नियमाबाहेर जाऊ नकोस, थंडी वाजेल."

जाताना त्याला विचारलं, खाली खरंच घरं आहेत का. म्हणाला, आहेत. उंबरे आहेत, चूल आहे. "मी आत नाही शिरत. हत्यार घेऊन कुणाच्या घरात जायचं नसतं."

'योग्य' लिहिलं. सही चांगली आली.

१२ फेब्रुवारी

कुतमान गेला.

काल दुपारी, खडकाच्या कडेला. पोलीस म्हणतात, एक मासा मारून त्याने पाण्यातच दुसऱ्यांदा बंदूक भरली आणि भरताना बाण सुटला. हनुवटीखालून गेला. पंचनाम्यात 'मालकाची चूक' लिहिलंय.

मी नोंदवही उघडून एकतीसच्या ओळीकडे बघत बसले. शाबदान बायकेंनी येऊन ती मिटली.

"खटका लागला होता ना?"

"हो."

"दहा मोजलेस ना?"

"हो."

"मग झालं. उकरू नकोस."

पण तो पंधरा वर्षं बंदूक भरत होता. त्याचा हात एकाएकी कसा चुकेल?

१४ फेब्रुवारी

दफनाला गेले होते. आमच्यात मयताचे कपडे त्याला अंघोळ घालणाऱ्यांना वाटतात. कोट, टोपी, बूट सगळं वाटलं. पाण्यात घालायचा काळा रबरी पोशाख कुणाच्या वाट्याला आला नाही. बंदूकही नाही. पोलिसांनी चादरीत गुंडाळून दोन्ही घरी पाठवली होती एवढं कळलं.

ती बंदूक मला एकदा पुन्हा तपासायला हवी. ती निर्दोष निघाली तर मी झोपेन. सदोष निघाली तर निदान कळेल.

२३ फेब्रुवारी

दहा दिवस उलटले, म्हणून आज त्याच्या घरी गेले. जे पाहिलं ते नीट क्रमाने लिहिते, म्हणजे माझी खात्री राहील.

दार कुतमानच्या आईने उघडलं. सालकीन आपा, सत्तरीच्या, एक डोळा पांढरा झालेला. म्हणाल्या, "आधी त्याला सलाम कर, मग बोल."

दारासमोर, पाहुण्याला बसवतात त्या मानाच्या जागी कुतमान बसला होता.

म्हणजे त्याचा पोशाख. आत गवत ठासून भरलेलं. डोक्यावर रबरी टोपी, त्यावर काचेचा मुखवटा, काचेमागे गवत. पायांत पोहायचे लांब पंख. मांडीवर आडवी एकतीस नंबरची बंदूक.

आजीच्या तोंडून मी तुलबद्दल ऐकलं होतं. जुन्या काळी मयताच्या कपड्यांचा माणूस करून वर्षभर घरात बसवायचे, बायको त्याच्या शेजारी बसायची, त्याच्या वस्तूला कुणी हात लावायचं नाही. आता कुणी करत नाही. मशिदीतला मोल्दो येऊन ओरडून गेला म्हणे. आपांनी त्याला सांगितलं, "तूच समजाव त्याला. माझं तर जिवंतपणीही ऐकत नव्हता."

मी सलाम केला. काय करणार.

कुतमानची बायको, जिला मी मोठ्या बहिणीच्या मानाने उमसुनाय एजे म्हणते, तुलच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळली तेव्हा बघवेना. रडून रडून तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती आणि कपाळावर लाल वळ उठलेत, कुणी दोरीने आवळावेत तसे. मी दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणाली. दुःखाने माणसाचं काय काय जातं.

मी नियम सांगितला. आपा म्हणाल्या, "बंदूक त्याची आहे, त्याला माग."

मागायला मी पुढे वाकले आणि मला आवाज आला. टप. मग पुन्हा टप. पोशाखाच्या घोट्यापासून पाणी ठिबकत होतं. खाली पितळी वाटी ठेवली होती, ती निम्मी भरलेली.

"हे काय, आपा?"

"जातो तो पहाटे," आपा शांतपणे म्हणाल्या. "सवय कुठे सुटते."

त्या चहाला उठल्या तेव्हा मी वाटीत बोट बुडवून चाखलं. आमच्या नळाला डोंगराचं गोड पाणी येतं. हे खारट होतं. सरोवराचं.

बंदूक न घेता परत आले.

२४ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. काचेमागचं गवत आठवतं.

३ मार्च

बंदी सुरू होऊन तीन दिवस झाले, आणि बाजारात ताजी फरेल मासळी आली आहे. अंगावर ठिपके, डोक्यामागे बाणाचं एकच स्वच्छ भोक. विकणाऱ्या बाईला विचारलं, कुणी मारली? तिने इकडेतिकडे पाहिलं. "कुतमानने. पहाटे लोकांनी बघितलंय त्याला धक्क्याजवळ."

शाबदान बायकेंना सांगितलं तर ते सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाले, "कर दंड. पण पत्ता काय लिहिशील? आणि नोटिशीवर पोच म्हणून सही कोण करेल?"

"बायके, बंदूक जागेवर नाही. ती वापरली जातेय."

"मेलेला माणूस वापरतोय."

"मालक वारला की परवाना संपतो," मी म्हटलं. "मालक थांबत नसेल तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही."

त्यांनी बिया बाजूला ठेवल्या. "तू जेवतेस ना वेळेवर?"

६ मार्च

पुन्हा गेले. घर उबदार होतं, चुलीवर माशाचं सूप. कुतमानच्या दोन्ही मुली भुरके मारून खात होत्या, गाल गुलाबी झालेले. आपा म्हणाल्या, शेजारी देतात. चांगले शेजारी आहेत.

आपा तुलसमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि बंदुकीला चरबी लावत होत्या. मेंढीच्या शेपटीची, जुन्या चहाच्या डब्यात साठवलेली. बोटावर घेऊन चापाच्या खोबणीत, खटक्याच्या फटीत, नळीच्या तोंडाशी आतपर्यंत. मला घराचा वास आला. आईसुद्धा खोगिराला, बुटांना, शिवणयंत्राला हेच लावते.

"कुतमानलाही डबी भरून मीच द्यायचे," आपा म्हणाल्या. "त्याचा बाप लावायचा बाजारातलं यंत्राचं तेल. मी म्हटलं, लेकराच्या हत्याराला विकतचं कशाला? पहिला डबा दिला तो याच हिवाळ्यात, त्याचा बाप गेल्यावर. बघ कसा चमकतोय लोखंडाचा तुकडा."

खरंच चमकत होता.

"आपा, मला ती न्यावी लागेल."

"वर्ष होऊ दे. वर्षाचं जेवण घालू, तुल मोडू, मग ने. तोवर तुझ्या सरकारला सांग, मालक घरातच आहे."

फाटकापर्यंत उमसुनाय एजे सोडायला आली. हळूच म्हणाली, "झारकीन, एक महिना दे. फक्त एक महिना." माझा हात धरला. खोली एवढी तापलेली, पण तिचे हात दगडासारखे गार होते, बोटांना भेगा. तुलजवळ बसून बसून माणसात मरणाची थंडी उतरत असेल का?

९ मार्च

पहाटे स्वतः धक्क्यावर गेले. उजाडायला आलं होतं. सरोवर गोठत नाही, पण त्यावर वाफ उभी होती, कमरेएवढी.

तो तिथे होता. काळा, उंच. हातात काही नव्हतं, हे मी आधी पाहिलं, कारण मी ते बघायलाच गेले होते. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. मग चालू लागला. पाय पुढे पडत आहेत असं वाटावं आणि तो मात्र लांब लांब जावा. मला कळायला वेळ लागला. तो उलटा चालत होता. पायांत पंख असले की पाणबुडे तसेच पाण्यात शिरतात, पाठ सरोवराकडे करून. हे मला माहीत आहे. एकेक करून पाण्याखाली गेलं: गुडघे, कंबर, छाती, मुखवटा. काच शेवटपर्यंत माझ्याकडे होती. मग वाफ मिटली.

मी दोनशे मोजले. कुणी वर आलं नाही.

हाक मारायला हवी होती. 'थांबा' एवढं म्हणायचा मला कायद्याने अधिकार आहे.

११ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी पिंपात तपासली. पिंपातून वाफ येत होती. आणि तो मेला तिथलं पाणी हाडं गोठवणारं होतं.

१३ मार्च

कार्यालयात जप्त केलेली एक बंदूक आहे, कुतमानच्याच जातीची. आज दुपारी ती घेऊन धक्क्यावर गेले. शाबदान बायके कुरकुरत बरोबर आले, माझा कोट धरून.

आधी बंदूक नुसतीच पुसली. खोल पाण्यात अर्धा तास दोरीने लटकवून ठेवली. गुडघाभर पाण्यात उतरून भरली. शंभर मोजले. काही नाही.

"झालं समाधान?" बायके म्हणाले. "ये वर, ओठ निळे पडलेत."

मला आपांची बोटं आठवली, खटक्याच्या फटीत फिरणारी. मी बायकेंना म्हटलं, खाणावळीतून थोडी शेपटीची चरबी आणा. त्यांना वाटलं मला भूक लागली आहे. आणली. मी ती ऊन करून आपा लावतात तशी आतपर्यंत लावली. पुन्हा अर्धा तास पाण्यात. भरली. बाण अडवून धरणारा आतला दात 'टक' करून बसला. नेहमीसारखाच आवाज. खटका लावला, चाप सोडून दिला, दोन्ही हात लांब धरले.

मोजू लागले. आठ. नऊ. दहा. इथे मी थांबले असते. अकरा. बारा. बायके काहीतरी बोलायला गेले. सतराला बाण सुटला. कुणी चापाला हात लावला नव्हता. समोरच्या लाकडी खांबात तो वीतभर शिरला आणि गुणगुणत राहिला.

नंतर मी बंदूक उघडून दाखवली. दात बसतो त्या खाचेत चरबी मेणासारखी थिजली होती. दात टोकावर अडकल्यासारखा बसतो, माणसाला वाटतं बसला, आणि मग घसरतो. ऊन पाण्यात ती चरबी वितळलेली असते. ऊन पाण्यात सगळं योग्य असतं.

बायकेंनी टोपी काढली. "गावात किती जण हे लावत असतील?"

"दुसरं लावतात काय इथे?"

"सगळ्या परत बोलवाव्या लागतील."

"हो. आणि एकतीस नंबर रोज पहाटे पाण्यात जातेय, बायके."

या वेळी त्यांनी मेलेल्या माणसाचा विनोद केला नाही.

१४ मार्च

पहाटे वाट अडवून उभी राहिले. मला भीती वाटत होती, पण भीती कशाची आहे ते आता मला माहीत होतं, त्यामुळे ती धरून ठेवता येत होती.

तो वाफेतून आला. या वेळी हातात बंदूक होती. उथळ पाण्यात त्याने दस्ता दगडाला टेकवला आणि दोन्ही हात नळीच्या तोंडावर आणले.

"कुतमान बायके!" मी ओरडले. "भरू नका! दोष बंदुकीत आहे, तुमच्यात नव्हता! मी चुकीची तपासली!"

तो थांबला. मग मुखवटा वर सरकवला.

"ओरडू नकोस," उमसुनाय एजे म्हणाली. "मासे पळतील."

तिच्या डोळ्यांभोवती ते लाल वळ होते. ते मुखवट्याचे होते, मी रडण्याचे समजले होते.

"तुम्ही?"

"मग कोण? गवत पोहतं का?" ती दात आवळून कुडकुडत होती. "दोन पोरी आहेत. म्हातारी आहे. बसून रडायचं ठरवलं असतं तर आतापर्यंत चौथा दफनविधी झाला असता. त्यानेच शिकवलं होतं मला, लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात."

"पोशाख एवढा मोठा..."

"आत दोन स्वेटर घालते. आपाच चढवते मला रोज, आणि परत आले की गवत भरते. तुल तिचीच कल्पना. म्हणाली, सुनेला पकडतील, मेलेल्याला कोण पकडणार?"

मी विचारलं, पाण्यात दुसऱ्यांदा भरता का? नाही म्हणाली, तेवढी ताकदच नाही. काठावर एकदा भरायची, बंदूक अजून घरची ऊब धरून असते तेव्हा, लगेच एक मासा मारायचा आणि परत.

"म्हणून तुम्ही जिवंत आहात," मी म्हटलं आणि चरबीचं सांगितलं. सगळं. खांबात शिरलेला बाण, सतरा आकडा, माझं पिंप.

ती पाण्यातच खाली बसली. बराच वेळ हातातल्या बंदुकीकडे बघत होती. मग ती माझ्याकडे सरकवली, नळीचं तोंड दुसरीकडे करून, नियमाप्रमाणे.

"आपाला कळू देऊ नकोस," म्हणाली. "मला पकड, नाव लिही, काय हवं ते कर. पण डबा तिने दिला होता हे तिला कळता कामा नये. ती दुसऱ्या दिवशी उठणार नाही."

मी वचन दिलं नाही. वचन देण्याआधी मी विचार करते, ही माझी खोड.

निघताना म्हटलं, "नऊ तारखेला मी तुम्हाला हाक मारायला हवी होती. भ्यायले. तुम्ही रिकाम्या हाताने आत गेलात."

"नऊला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "आठ, नऊ, दहा मी अंथरुणात होते. कान पुन्हा फुटला होता. तुल बसलाच होता घरात. दाराला कडी होती."

उजाडलं होतं. दोघीही सरोवराकडे पाठ न करता किनाऱ्यावर आलो.

१६ मार्च

नोटीस तयार आहे. सर्व पाणबंदुका घासलेटने धुवून आणाव्यात. तपासणी यापुढे सरोवराच्या पाण्यात, अर्धा तास बुडवून, शंभर मोजेपर्यंत. आणि खाली: बंदुकीला कोणतीही प्राण्यांची चरबी लावू नये.

शाबदान बायके म्हणाले, "शेवटची ओळ काढ."

"ती काढली तर पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी पुन्हा डबा उघडेल."

"ठेवलीस तर उद्या संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्या म्हातारीच्या डब्याबद्दल बोलेल. कुतमान ज्याला त्याला सांगायचा, आईच्या चरबीने बंदूक गाते म्हणून."

मी तासभर त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग तिच्यावर आणखी एक ओळ लिहिली: क्रमांक एकतीसची तपासणी ऊन पाण्यात झाली होती, ती चूक तपासणाऱ्याची. खाली माझं नाव. शिक्का बायकेंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो परत माझ्या बाजूला ढकलला. "ऊन पाणी मी ओतलं होतं. माझंही नाव लिही. आणि शिक्का ठेव. तुझ्याइतकं भिणारं माणूस मला परत मिळायचं नाही."

उमसुनाय एजेचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. बंदूक 'कुटुंबाने स्वतःहून जमा केली' असं लिहिलं. हे माझं पहिलं खोटं. खालची सही नेहमीसारखीच आली, याचंच नवल वाटलं.

नोटीस उद्या दुपारी लागणार. कुणी दुसऱ्याने जाऊन सांगण्याआधी आपांना मी सांगायला हवं.

१७ मार्च

सकाळी गेले. नोटिशीची घडी पिशवीत होती. वाटेत वाक्य पाठ केलं होतं.

उमसुनाय एजे मुलींना शाळेत सोडायला गेली होती. आपा एकट्याच होत्या, मुलींच्या बुटांना चरबी लावत. डबा गुडघ्याशी. तुल आपल्या जागी होता. मांडी मोकळी होती आणि खालची वाटी कोरडी.

"घेऊन गेलीस ती," आपा म्हणाल्या. रागाने नाही.

"हो, आपा."

"तपासलीस?"

"हो."

"काय निघालं?"

माझं वाक्य तयार होतं. त्याचा पहिला भाग आला. "मी ऊन पाण्यात तपासली होती. सरोवर थंड होतं. चूक माझी आहे, आपा. तो बरोबर भरत होता."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे नाही, तुलकडे बघून, जणू त्याला म्हणत होत्या, ऐकलंस ना. मग विचारलं, "थंड पाण्यात लोखंडाला काय होतं ग?"

वाक्याचा दुसरा भाग, चरबीचा, अजून उरला होता. आपांचा चांगला डोळा माझ्यावर होता.

"लोखंड आखडतं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी हातातला बूट बाजूला ठेवला. मग डबा बंद केला. "चहा घेऊ. हात धुवायला पाणी घाल."

धाकट्याने मोठ्याच्या हातावर पाणी घालायचं असतं. मी दाराबाहेरची पाण्याची झारी उचलली. रात्रभर ती उंबऱ्यापाशी राहिली होती. आपांनी तसराळ्यावर हात धरले. मी पाणी ओतलं.

त्यांच्या बोटांवरची चरबी पारदर्शक होती. पाणी पडलं तशी ती धूसर झाली, मग पांढरी. सांध्यांच्या सुरकुत्यांत, नखांच्या कडेला, घट्ट बसली. त्यांनी एकदा बोटं चोळली. निघाली नाही. त्यांनी चोळणं थांबवलं.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून हळूच सोडली. बोटं चिकटली आणि मग एकदम घसरली. पुन्हा दाबली. पुन्हा घसरली.

मी झारी सरळ केली. "आपा..."

"ओत," त्या म्हणाल्या. आपल्या हातांवरून त्यांची नजर हलली नाही. "ओतत राहा."